ताटाची डावी बाजू

द्राक्षाच्या काड्या जळतानाचा वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. निफाड तालुक्यातलं माझं माहेरचं घर बागेला लागून आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडायचे. छाटणीला आलेल्या बायका त्यांच्या मोळ्या बांधायच्या, निम्म्या स्वतःच्या घरी न्यायच्या, निम्म्या आमच्या बंबाशेजारी रचल्या जायच्या. वाळलेली काडी भकदिशी पेटते. धूर थोडा, जाळ मोठा, आणि दहा मिनिटांत सगळं संपून खाली बारीक लालभडक निखारा उरतो. आई म्हणायची, "या जाळावर पाणी तापतं, भाकरी होत नाही." भाकरीला तिला बाभळीचं लाकूडच लागायचं. आता काड्यांची यंत्राने कुट्टी करून ती बागेतच टाकतात. जमिनीला ते चांगलंच आहे. पण तो वास घरातून गेला.

तो मला परत भेटला स्पेनमध्ये, रिओखा प्रांतातल्या एका खेड्यात, एका म्हाताऱ्या बाईच्या अंगणात. मी फाटकापाशी थांबले. लेक म्हणाली, "आई, काय झालं?" मला सांगता येईना.

माझी लेक बिल्बाओला शिकते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, तुला म्युझियम दाखवण्यापेक्षा बाग दाखवते. बिल्बाओहून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर एक गाव आहे. लिहिताना हारो, म्हणताना आरो. स्पॅनिश लोक सुरुवातीचा 'ह' उच्चारतच नाहीत. बसने निघालो तेव्हा पाऊस होता, हिरव्यागार टेकड्या होत्या, थेट आपल्या इगतपुरीसारखं वातावरण. मग डोंगरांची एक उंच भिंत लागते, सिएरा कांताब्रिया. अटलांटिक समुद्रावरून आलेले ढग त्या भिंतीशी अडतात. ती ओलांडली आणि ऊन पडलं. घाट चढून इगतपुरी सोडली आणि नाशिककडे निघालं की पाऊस मागे राहतो ना, तसंच. खाली एब्रो नदीचं खोरं, आणि दोन्ही अंगांना द्राक्ष.

पण मांडव नाही, तारा नाहीत! जुन्या बागांमध्ये प्रत्येक वेल आपल्या पायावर एकटा उभा, कमरेएवढ्या झुडपासारखा, जाड काळ्या खोडाला तीन-चार बोटं फुटलेली. आमच्याकडे असा वेल दिसला तर लोक म्हणतील, मालकाने बाग सोडून दिली. तिथे मात्र तीच जुनी रीत, आणि अशा झुडपांतले काही वेल माझ्याहून वयाने मोठे. आमच्या बागेत छाटणी सुरू झालेली होती आणि इथे तोडणी चाललेली. वर्षातून एकदाच छाटणी, तीही थंडीत, वेल झोपलेला असताना. आमचा वेल बिचारा कधी झोपतच नाही. त्याला आपण वर्षातून दोनदा छाटून जागं करतो.

आरोच्या रेल्वे स्टेशनाभोवती वाइन करणाऱ्या जुन्या घराण्यांची वसाहतच आहे. शंभर वर्षांवरची इतकी वाइनघरं एका जागी क्वचितच असतील. ती स्टेशनापाशी का, हे कळलं तेव्हा मला आमची पिंपळगाव-निफाडची मंडळी आठवली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाची कीड आली. माव्यासारखा बारीकसा जीव, मुळांवर जगणारा. त्याने बागाच्या बागा बसवल्या. बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत डोंगर ओलांडून इथे आले, आणि १८६०च्या दशकात आलेल्या रेल्वेमुळे वाइनची पिंपं बिल्बाओच्या बंदरात पोचायची सोय झाली. पैसा आला. १८९० साली आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, तेव्हा स्पेनमध्ये अशी गावं थोडीच होती. मग १८९९ मध्ये तीच कीड रिओखात शिरली.

उपाय सगळीकडे एकच निघाला. अमेरिकेतल्या रानवेलींच्या मुळांना ही कीड मारू शकत नाही, म्हणून खाली अमेरिकी खुंट आणि वर आपली काडी, असं कलम. हे ऐकताना मी नकळत लेकीचा हात दाबला. आमच्या घरची प्रत्येक द्राक्षबाग डॉगरिजवर आहे, आणि डॉगरिज हा टेक्सासच्या रानवेलीतून निवडलेला खुंट. आम्ही तो पाण्याच्या टंचाईसाठी आणि खारवट जमिनीसाठी लावला, त्यांनी किडीपायी. कारण वेगळं, पण जमिनीखाली आम्ही दोघंही परक्याच्या मुळांवर उभे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्या दोन एकरांची कलमं स्वतःच्या हातांनी बांधली होती. पाचर कलम. पट्टी बांधताना ते श्वास रोखून धरायचे.

आम्ही ज्या वाइनघरात गेलो ते लोपेझ दे एरेदिया. १८७७ साली राफाएल लोपेझ दे एरेदिया यांनी ते सुरू केलं, आणि आजही त्याच घराण्याची पुढची पिढी ते चालवते. दारात झाहा हदीद या वास्तुविशारद बाईंनी केलेली चकचकीत छोटी इमारत आहे, बाजूने पाहिली तर काचेच्या चंबूसारखी. तिच्या पोटात १९१०च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातला घराण्याचा जुना लाकडी स्टॉल जपून ठेवलाय. लोक फोटो काढत होते. माझं लक्ष आत होतं.

आत आधी सुतारांची जागा लागते. पिंपं हे लोक स्वतः बनवतात, ओकच्या फळ्यांची. लाकूड अमेरिकेतून आणतात, ते वाळवतात, आणि पिंपाच्या आत जाळ करून फळ्या वाकवतात. (पिंप हा आपला शब्दही पोर्तुगीज 'पिपा'वरून आलाय. तेव्हा मराठी माणसाला पिंपाचं नवल वाटू नये.) पिंप जुनं झालं तरी टाकत नाहीत, दुरुस्त करून वर्षानुवर्षं वापरतात. मग लाकडी पायऱ्यांनी खाली तळघरात. खडक फोडून केलेले लांबच लांब बोगदे, थंडी बाराएक अंशांची, भिंतींवर काळी बुरशी, आणि जळमटं. साधी नाहीत, पडद्यासारखी लोंबणारी. दिवाळीच्या तोंडावर घर झाडणाऱ्या बाईला ती बघवत नाहीत. पण कोळी इथे मुद्दाम राहू दिलेत. बाटल्यांच्या बुचांमध्ये पाखरांच्या अळ्या होतात आणि बूच पोखरतात. कोळी त्या पाखरांना खातात. म्हणून जळमट काढायचं नाही. आमच्या बागेत मित्रकीटकांवर व्याख्यानं होतात. ती मला पटली होती, पण अशी डोळ्यांना पहिल्यांदाच दिसली.

नियम असा आहे की रिओखात 'क्रिआन्सा' म्हणवायला वाइन दोन वर्षं मुरायला हवी, त्यातलं किमान एक वर्ष लाकडात. 'रेसेर्वा'ला तीन वर्षं, 'ग्रान रेसेर्वा'ला पाच. हे घराणं नियमाकडे पाहतच नाही. त्यांची सगळ्यांत तरुण तांबडी, कुबिय्यो, हीच पिंपात तीनेक वर्षं असते. बोस्कोनिया रेसेर्वा पाच. विन्या तोन्दोनिया रेसेर्वा सहा. ग्रान रेसेर्वा दहा वर्षं, आणि वर बाटलीत आणखी कितीतरी. दर सहा महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात ओतायची, तळाचा गाळ मागे ठेवायचा. शेवटी अंड्याचा पांढरा बलक घालून निवळवायची. तुरटीने पाणी निवळतं तसा तो बलक उरलासुरला तुरटपणा धरून खाली बसतो. आमचा माल तोडणीनंतर आठ दिवस पडून राहिला तर रात्रीची झोप उडते. इथे माल दहा वर्षं अंधारात पडून असतो आणि माणसं शांत असतात. या शांतपणामागे पैसा आहे, पिढ्यांचा साठा आहे, हे मला कळतं. तरीही तिथे उभं राहून हेवा वाटला, खरंच वाटला.

चव घ्यायला बसवलं तेव्हा तिथे काम करणाऱ्या मुलीने आधी तोन्दोनिया रेसेर्वा ओतली. यात मुख्य द्राक्ष टेम्प्रानिय्यो. टेम्प्रानो म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकतं, म्हणून ते नाव. त्याला गार्नाचा, ग्रासिआनो आणि मासुएलो यांची जोड. रंग गडद नाही, कडेला विटकरी. मी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "सुकं खोबरं." लेकीने भाषांतर केलं तशी ती मुलगी हसली आणि जोरजोरात मान हलवू लागली. अमेरिकी ओकमध्ये काही द्रव्यं असतात त्यांचाच तो वास, नारळाचा आणि व्हॅनिलाचा. लेक म्हणाली, बरेच पाहुणे नुसतं व्हॅनिला म्हणतात. पण ज्या बाईने जन्मभर मसाल्यासाठी खोबरं भाजलं तिला व्हॅनिला कशाला आठवेल? खोबरं, मग वाळलेली चेरी, संत्र्याची साल, जुनं चामडं. आणि जिभेवर आंबट. नीट आंबट, लिंबासारखं तरतरीत. गोडाचा मागमूस नाही. पोटात अन्न नसेल तर ही वाइन पुढे प्यावीशी वाटत नाही, हे मला त्या घोटातच कळलं. ती जेवण मागत होती.

दुसऱ्या दिवशी जेवण मिळालं. लेकीच्या खोलीतली मैत्रीण तिथलीच, ब्रिओनेसची. ब्रिओनेस टेकडीवरचं दगडी गाव, आरोपासून जवळ. तिच्या आजीने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी वाइनघरातून घेतलेल्या बाटल्या काखेत धरून चढ चढले, आणि फाटकापाशी तो वास आला.

अंगणाच्या कोपऱ्यात लोखंडी जाळी, बाजूला भिंतीशी काड्यांच्या जुड्या छपरापर्यंत रचलेल्या. मागच्या हिवाळ्यातल्या छाटणीच्या, वर्षभर वाळवलेल्या. तिथे काडीला सार्मिएन्तो म्हणतात, आणि या पदार्थाच्या नावातच ती आहे: चुलेतियास अल सार्मिएन्तो. अजून आईच्या दुधावर असलेल्या कोकराच्या बरगडीचे इवलेसे चॉप, करंगळीएवढ्या हाडाला चिकटलेला दोन घासांचा तुकडा. आजींनी एक जुडी पेटवली, जाळ माणूसभर उठला, बसला. निखारे पसरले, जाळी ठेवली, चॉप टाकले. वर फक्त जाड मीठ. बाजू उलटली की खाली चरबी टपकून चर्र आवाज. तीन-चार मिनिटं. आईचं वाक्य मला आठवलं. भाकरीला दम धरणारा जाळ लागतो, पण इतक्या कोवळ्या मटणाला इतका वेळ दिला तर त्याचा चामडा होईल. या जाळासाठीच हा पदार्थ जन्मलाय. बागेत जे उरतं त्याच्या ताकदीत जे भाजता येईल ते भाजायचं. त्यात कोणाची हुशारी नाही. वर्षानुवर्षांची गरज आहे.

चॉप हाताने खायचे, हाड धरून. बोटं तुपकट होतात. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खा, पोरी." पन्नाशी उलटलेल्या बाईला पोरी म्हणणारं कोणी भेटलं की भूक दुप्पट होते. मी बोस्कोनिया उघडली होती. या बाटलीचे खांदे उतरते असतात, फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बाटलीसारखे, कारण पूर्वी ही वाइन बर्गंडीच्या धर्तीवरची म्हणून विकली जायची. तोन्दोनियाची बाटली चौकोनी खांद्यांची, बोर्दोच्या वळणाची. चरबीने तोंड माखलं की एक घोट. आंबटपणा जिभेवरची चरबी धुऊन काढतो, आणि वाइनमधला जो तुरटपणा एरवी तोंड कोरडं करतो तो मटणाच्या प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि निवतो. पुन्हा तोंड कोरं, पुन्हा चॉप.

मी आजींच्या ग्लासाकडे पाहत होते. त्या वाइन 'पीत' नव्हत्या. दोन घासांमध्ये ओठ ओले करण्यापुरता घोट, की ग्लास खाली. दीड तासात अर्धा ग्लास संपला नव्हता. आणि मला एकदम दिसलं की हे मी रोज करते. कोशिंबिरीला, लोणच्याला, लिंबाच्या फोडीला मी असंच बोट लावते. आपल्या ताटाला डावी बाजू असते. उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात-पोळी, आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. डाव्या बाजूने कोणाचं पोट भरत नाही. तिचं काम उजव्या बाजूला खुलवणं, जड झालेली जीभ हलकी करणं, पुढचा घास पहिल्या घासासारखा लागू देणं. त्या अंगणात वाइन डाव्या बाजूला होती. तोंडी लावणं होती ती. वाइन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे एक तर दारूचा गुत्ता येतो नाही तर हॉटेलातला झगमगाट, आणि दोन्हींत ती ताटापासून तुटलेली असते. तिला ताटात परत बसवलं की तिच्याबद्दल सगळं वेगळं बोलता येतं.

म्हणूनच या घराण्याच्या वाइन मला मोलाच्या वाटतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी, आमच्याकडेही, वाइन जाडजूड करायची हौस आहे: अतिपक्व द्राक्ष, नवं लाकूड, चढा अल्कोहोल. पहिल्या घोटाला ती भारी वाटते, आणि मग जेवण तिच्यासमोर गप्प होतं. लोणच्याने आमटी झाकावी तसं. वर्षानुवर्षं पिंपात राहिलेल्या या वाइनचं सगळं आदळआपट करून झालेलं असतं. आंबटपणा शाबूत, आवाज खाली. शेजारी बसायला ती तयार असते.

चॉप खरं तर नंतर आले. पहिल्यांदा बटाटे होते, पतातास आ ला रिओखाना, म्हणजे रिओखाच्या रीतीचे. बटाटा सुरीने कापायचा नाही. सुरी थोडी आत घालायची आणि पिरगळून तुकडा मोडायचा, कट् असा आवाज आला पाहिजे. मोडलेल्या खडबडीत बाजूतून पिठूळपणा सुटतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. आजींनी माझ्या हातात सुरी दिली, चार मोडून घेतले, तेव्हा पसंती दिली. त्यात कांदा, लसूण, चोरिसो म्हणजे लाल मिरचीपुडीत मुरवून वाळवलेलं डुकराचं सॉसेज, आणि सुक्या लाल मिरचीचा गर. ही मिरची कोमट पाण्यात भिजवतात, पोटातून सुरीच्या पात्याने गर खरवडून घेतात. काश्मिरी मिरची भिजवून वाटतो तशीच गोडसर, रंगाची, तिखट जवळजवळ नाहीच. गोव्याचं चोरीस या चोरिसोच्याच कुळातलं. पोर्तुगिजांबरोबर ते आलं, गोव्याच्या मिरचीने आणि व्हिनेगरने तिखट-आंबट झालं. आपल्याला बटाटा हा शब्दही पोर्तुगिजांनीच दिला. आणि बटाटा, मिरची दोन्ही मुळात अमेरिकेचे. त्या थाळीत, त्या पिंपाच्या लाकडात, त्या वेलाच्या खुंटात, सगळीकडे अमेरिका होती, आणि तरी ते जेवण त्या खोऱ्याशिवाय दुसरीकडे कुठलंच नव्हतं.

आरोत या बटाट्याची एक गोष्ट सांगतात. तिथल्याच एका वाइनघराला, कुनेला, १९७९ साली शंभर वर्षं झाली. मेजवानीसाठी पॉल बोक्यूज हे फ्रान्सचे नामांकित आचारी बोलावले होते. ते म्हणे स्वयंपाकघरात कामगारांसाठी शिजत असलेले हे बटाटे चाखून बसले, आणि म्हणाले, हे असताना मला कशाला बोलावलंत? आजींनी ही गोष्ट मला इतक्या अभिमानाने सांगितली, जशी ती कढई त्यांचीच होती. बटाट्याबरोबर त्यांनी माझी बाटली उघडू दिली नाही. शेजाऱ्याने केलेली मागच्याच हंगामाची तरुण वाइन आणली, जांभळी, फळाच्या वासाची, साधी. मणी न सोडवता घड अख्खेच आंबवून करतात ती. मिरचीचा रंग, सॉसेजची चरबी, बटाट्याचा पिठूळपणा, याला मुरलेल्या वाइनचं बारीक काम कळलंच नसतं. आजींचं बरोबर होतं.

पांढरी ग्राव्होनिया मात्र माझ्यासाठी त्या दिवसाचं खरं आश्चर्य. त्याच घराण्याची, विउरा नावाच्या द्राक्षाची, चार वर्षं पिंपात ठेवलेली पांढरी वाइन. पांढरी म्हणायची, पण रंग जुन्या पितळेचा. वास मेणाचा, वाळलेल्या गवताचा, बदामाच्या सालीचा, आणि पुन्हा तेच खोबरं. वाटतं मधासारखी गोड असेल, आणि जिभेवर खणखणीत कोरडी, जराशी खारट. तिच्याबरोबर मेनेस्त्रा होती, भाज्यांची. त्यात आर्टिचोक होता. हे एका काटेरी झाडाचं कोवळं बोंड. आर्टिचोकचा स्वभाव असा की तो खाल्ल्यावर साधं पाणीही गोड लागतं, आपला आवळा खाल्ल्यावर लागतं तसं. वाइनवाले त्याला घाबरतात, कारण वाइन नुसतीच गोडसर, पाणचट होऊन बसते. ग्राव्होनिया बसली नाही. तिच्यात गोड व्हायला जागा होती, इतकी ती कोरडी. आर्टिचोकने तिला थोडं गोड केलं, तिने आर्टिचोकचा कडवटपणा बदामासारखा केला. मी तीनदा खाऊन पाहिलं, खात्री करायला.

खारवलेल्या कॉड माशाचा एक पदार्थही आजींनी नाव घेऊन सांगितला, टोमॅटो आणि भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरचीतला. मासा आधी दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. आपल्या कोकणातल्या खाऱ्या माशाच्या घरची ही रीत. त्याबरोबर त्या घराण्याची जुनी गुलाबी वाइन घ्यावी म्हणाल्या, चार वर्षं पिंपातली. ती बाटली मला मिळाली नाही.

शेवटी बकरीच्या दुधाचं चीज आणि वाइनमध्ये शिजवलेलं नासपती. त्यानंतर कोणी फारसं बोललं नाही.

परतीच्या बसमध्ये मला आप्पा आठवत होते. आप्पा माळकरी. जन्मात थेंब घेतला नाही. २००१ साली राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वाइनची द्राक्षं लावा म्हणून गावोगाव बैठका झाल्या, तेव्हा त्यांनी अर्धा एकर शिराज लावलं. आई म्हणाली, माळ घालून दारूची द्राक्षं? ते म्हणाले, मी द्राक्ष पिकवतो, पुढचं ज्याचं त्याला. दोन-तीन हंगाम बरे गेले. मग मंदी आली, घेणाऱ्या कंपनीने पैसे थकवले, करार कागदावर राहिला, आणि आप्पांनी ते वेल मुळासकट काढले. कुऱ्हाड त्यांनी स्वतः चालवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कंपनीवरचा राग आमच्या घरात अजून आहे, आणि तो रास्त आहे. पण आता मला वाटतं की आमचं आणखी एक चुकलं होतं. ज्या वाइनसाठी आम्ही वेल लावला ती कशाबरोबर खातात, कोणाच्या ताटात जाते, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही एका अशा पदार्थाचा कच्चा माल पिकवत होतो ज्याला आमच्या ताटात जागाच नव्हती. रिओखाच्या शेतकऱ्याला किडीने बुडवलं, बाजाराने बुडवलं, तरी त्याच्या जेवणात रोज वाइन होती. त्याने वेल परत लावला. तोन्दोनिया वाइन जिथून येते ती शंभर हेक्टरांची बाग, एब्रोच्या वळणातली, किडीनंतरच लावलेली आहे, १९१३-१४ साली.

येताना मी एक बोस्कोनिया आणि एक ग्राव्होनिया पुण्याला आणली. ग्राव्होनिया डाळिंब्यांच्या उसळीबरोबर उघडली. वालाचा कडवटपणा, वर ओलं खोबरं; आर्टिचोकची आठवण झाली म्हणून. आमसूल मात्र घातलं नाही, दोन आंबट एकमेकांना भारी पडतात. छान जमली. यजमानांनी दुसऱ्यांदा उसळ वाढून घेतली.

बोस्कोनिया मी गेल्या दिवाळीनंतर माहेरी नेली. भाऊ म्हणाला, आपल्या काळ्या रश्शाबरोबर घे ना. मी आधी तेच केलं. काही उपयोग नाही. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंडात आग भडकते, आणि वाइन कडू, लाकडासारखी लागते. मग वहिनीला म्हटलं, अळणी दे. नावाला अळणी, पण मीठ, हळद, आलं-लसूण असतं त्यात. मसाला घालण्याआधी काढून ठेवतात ते मटण आणि त्याचं पाणी, पोरांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी. अळणीबरोबर बोस्कोनिया अशी बसली, की आजी ब्रिओनेसहून मान हलवत असतील असं वाटलं.

संध्याकाळी भावाने न सांगता एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्यांची एक मोळी शेडमधून आणून अंगणात टाकली. कुट्टीला देण्याआधी त्याने माझ्यासाठी ठेवली होती. तोही माळकरी, आप्पांचीच माळ घालतो. बोकडाचे चॉप आपले मोठे, जरा चिवट झाले, पण मीठ आणि निखारा तोच. तो काड्या सारत बसला होता. ग्लास माझ्या हातातून घेतला, प्यायला नाही, नुसता नाकाशी धरला, बराच वेळ.

"ताई," म्हणाला, "भाजल्या खोबऱ्याचा वास येतोय याला."

ग्लास मला परत दिला आणि आणखी दोन काड्या मोडून जाळात घातल्या.